वर फेकलेल्या चेंडूची ऊर्जा: मोजायची कशी, मांडायची कशी

चेंडू सरळ वर फेकला की तो वर जाता जाता मंदावतो, एका उंचीवर त्याचा वेग शून्य होतो आणि मग तो वेग घेत खाली येतो. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’मध्ये हा चेंडू भेटतो, दहावीच्या ‘गुरुत्वाकर्षणा’त पुन्हा भेटतो आणि अकरावीत तर त्याच्यापासून सुटकाच नसते. तरीही गणित समोर आले की मुले विचारतात, “इथे कोणते सूत्र लावायचे?” हा प्रश्न पडतो कारण सूत्रे पाठ असतात, पण ती कोणत्या क्रमाने वापरायची ते ठरवलेले नसते.

क्रम सोपा आहे. हातातून सुटताना चेंडूकडे एकूण किती ऊर्जा आहे ते आधी काढायचे आणि तो आकडा कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवायचा. त्यानंतर कुठल्याही उंचीवर स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे असलेली) काढली की उरते ती गतिज ऊर्जा (वेगामुळे असलेली). म्हणजे एक गुणाकार आणि एक वजाबाकी. हे एकदा खऱ्या चेंडूवर, मैदानात उभे राहून केले की पुस्तकातली गणिते फार वेळ घेत नाहीत. म्हणून सुरुवात मैदानापासून करू.

सामान

एक चेंडू, स्लो-मोशन व्हिडिओ घेता येणारा मोबाइल, ग्रॅम दाखवणारा काटा, वही आणि एक जोडीदार. काटा घरात नसेल तर भाजीवाल्याचा किंवा किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो.

चेंडू कोणता घ्यायचा याला थोडे महत्त्व आहे. सीझन बॉल जड आणि घट्ट असतो, त्यामुळे हवेचा त्याच्यावर परिणाम कमी होतो आणि आकडे सूत्राच्या जवळ येतात. पण तो दहा-अकरा मीटरवरून खाली येताना झेलायचा तर सवय हवी. सवय नसेल तर टेनिस बॉल घ्या. उत्तर थोडे बिघडेल, बोटे शाबूत राहतील. प्लास्टिकचा पोकळ चेंडू मात्र नको. तो इतका हलका असतो की आपण गुरुत्वाकर्षण मोजतोय की वारा, तेच कळत नाही.

जागा मोकळी हवी. गच्चीवर हा प्रयोग करू नका. चेंडू अगदी सरळ वर जात नाही, आणि कठड्याबाहेर गेला तर खाली कोण उभे असेल सांगता येत नाही.

पायरी १: वस्तुमान

पुरुषांच्या क्रिकेटमधल्या नव्या चेंडूचे वस्तुमान नियमानुसार साधारण १५६ ते १६३ ग्रॅम असते. टेनिस बॉलचे ५६ ते ५९.४ ग्रॅम. काट्यावर १६० दिसले असे धरू. लगेच किलोग्रॅममध्ये लिहा: ०.१६ किलोग्रॅम. ग्रॅम तसेच ठेवून गणित केले तर उत्तर हजारपट मोठे येते, आणि परीक्षेत सगळ्यात जास्त गुण याच जागी जातात.

बोलताना आपण याला वजन म्हणतो. इथे वजन म्हणजे पृथ्वी त्या चेंडूला ज्या बलाने खाली ओढते ते बल: ०.१६ × ९.८ = १.५७ न्यूटन. हा आकडा वहीत लिहून ठेवा, तो पुढे दोन-तीनदा लागणार आहे.

९.८ हे गुरुत्व त्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीने वेग दर सेकंदाला किती बदलतो तो आकडा; एकक मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीवर ते सगळीकडे अगदी सारखे नाही. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे ९.७९. आपल्या कामाला ९.८ पुरते. पुस्तकातल्या गणितात १० घ्यायला सांगितले असेल तर निमूटपणे १० घ्यावे.

पायरी २: शून्य कुठे?

स्थितिज ऊर्जा उंचीवर ठरते. पण उंची कुठून मोजायची? जमिनीपासून, हातापासून की शेजारच्या विहिरीच्या तळापासून? उत्तर असे की कुठूनही मोजा, फक्त एकदा ठरवा आणि गणित संपेपर्यंत बदलू नका.

मी हातापासून मोजतो. चेंडू ज्या उंचीवर हातातून सुटला ती पातळी शून्य. सोय अशी की सुटण्याच्या क्षणी स्थितिज ऊर्जा शून्य होते आणि असलेली सगळी ऊर्जा गतिज असते. जमिनीपासून मोजायचे ठरवले आणि हात दीड मीटरवर असला, तर प्रत्येक क्षणी स्थितिज ऊर्जेत १.५७ × १.५ = २.३५ ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचे एकक) जास्त येतील. सुरुवातीला, मध्यावर, शिखरावर, सगळीकडे तेवढेच जास्त. त्यामुळे एकूणही तेवढीच वाढेल आणि चेंडूच्या वेगावर काडीचाही फरक पडणार नाही. स्थितिज ऊर्जेत अर्थ असतो तो दोन जागांमधल्या फरकाला.

पायरी ३: वेळ मोजा

चेंडू सरळ वर फेका आणि ज्या उंचीवर तो हातातून सुटला, शक्यतो त्याच उंचीवर झेला. जोडीदाराने सुटण्यापासून झेलेपर्यंतची वेळ मोजायची.

स्टॉपवॉचवर मोजता येते, पण बोटाला उशीर होतो. समजा खरी वेळ ३.० सेकंद होती आणि तुम्ही ३.२ मोजली. वेळेत चूक झाली जेमतेम सात टक्क्यांची. वेगातही सातच टक्के. पण ऊर्जेत वेगाचा वर्ग असल्याने तिथे चूक चौदा टक्क्यांवर जाते: १७.३ ज्यूलऐवजी १९.७. म्हणून स्लो-मोशन व्हिडिओ बरा. २४० फ्रेम प्रति सेकंद या गतीवर चित्रण करा, चेंडू बोटांपासून सुटलेली फ्रेम आणि तळव्याला टेकलेली फ्रेम शोधा, मधल्या फ्रेम मोजा आणि २४० ने भागा. ७२० फ्रेम आल्या तर ३ सेकंद. दोन-तीन फ्रेम चुकल्या तरी फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढाच. काही फोन असा व्हिडिओ ताणूनच साठवतात, तेव्हा पडद्यावर दिसणारे सेकंद खरे नसतात. फ्रेमवरच भरवसा ठेवा.

तीन-चार फेकींपैकी सर्वांत सरळ गेलेली निवडा.

पायरी ४: वेळेवरून वेग आणि उंची

वर जायला जितका वेळ, तितकाच खाली यायला. हे हवा नाही असे धरून. हवेकडे नंतर वळू. म्हणजे ३ सेकंदांपैकी १.५ सेकंद चेंडू वर जात होता. त्या काळात दर सेकंदाला त्याचा वेग ९.८ ने घटत गेला आणि शेवटी शून्य झाला. तर सुरुवातीचा वेग:

९.८ × १.५ = १४.७ मीटर प्रति सेकंद

ताशी किलोमीटरमध्ये हवा असेल तर ३.६ ने गुणा: जवळजवळ ५३. शहरातल्या मोकळ्या रस्त्यावर स्कूटर जाते तो वेग.

उंचीसाठी वेगळे सूत्र आठवायची गरज नाही. वेग १४.७ वरून शून्यापर्यंत एकसारखा घटला, म्हणजे सरासरी ७.३५. त्याला १.५ सेकंदांनी गुणले की ११.०२५ मीटर. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटरचा धरला तर हातापासून पावणेचार मजले वर. मैदानाच्या कडेला इमारत असेल तर दुरून पाहून ताळा घ्या. चेंडू दुसऱ्या मजल्यापर्यंतच गेला आणि तुमचे उत्तर अकरा मीटर येत असेल, तर फ्रेम मोजण्यात काहीतरी गडबड आहे.

पायरी ५: एकूण ऊर्जा, कागदाच्या माथ्यावर

सूत्रे दोनच:

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × (वेग)²
स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची

दोन्हींची बेरीज म्हणजे यांत्रिक ऊर्जा.

हातातून सुटताना उंची शून्य, म्हणून स्थितिज ऊर्जा शून्य. गतिज ऊर्जा ½ × ०.१६ × १४.७ × १४.७ = १७.२९ ज्यूल. म्हणून यांत्रिक ऊर्जा १७.२९ ज्यूल. हा आकडा चौकट करून लिहा.

एक ज्यूल म्हणजे किती याचा अंदाज हवा असेल तर १०० ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलून बघा. त्याला ०.९८ ज्यूल लागतात. ज्यांच्या नावावरून हे एकक आले ते जेम्स प्रेस्कॉट ज्यूल इंग्लंडमधल्या बिअर गाळणाऱ्या कुटुंबातले. १८४० च्या दशकात त्यांनी खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवली आणि त्या घुसळण्याने पाणी किती तापते ते मोजले. वरून खाली येणाऱ्या वस्तूच्या ऊर्जेचे शेवटी काय होते, याचा हिशोब त्यातूनच पक्का झाला.

आणि वेगाचा वर्ग का, नुसता वेग का नाही? हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला आवडतो, कारण अठराव्या शतकात युरोपातले मोठमोठे विद्वान यावरच भांडत होते. हॉलंडमधल्या विल्यम स ग्राव्हेसांदे यांनी पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ चिकणमातीत टाकले. दुप्पट वेगाने आदळलेल्या गोळ्याने दुप्पट नव्हे, चौपट खड्डा पाडला. फ्रान्समधल्या एमिली द्यु शातले यांनी ही बाजू १७४० मध्ये जोरदार मांडली. चेंडूच्या भाषेत सांगायचे तर दुप्पट वेगाने फेका, चेंडू चौपट उंच जाईल. हे मैदानात तपासता येते, निदान दीडपट वेगापर्यंत.

पायरी ६: वाटणी

आता चौकटीतला १७.२९ समोर ठेवा आणि दर अर्ध्या सेकंदाला चेंडू कुठे आहे ते काढा. वेग दर अर्ध्या सेकंदाला ४.९ ने घटतो.

| वेळ (सेकंद) | वेग (मी./से.) | उंची (मीटर) | स्थितिज (ज्यूल) | गतिज (ज्यूल) |
|---|---|---|---|---|
| ० | १४.७ | ० | ० | १७.२९ |
| ०.५ | ९.८ | ६.१३ | ९.६० | ७.६८ |
| १.० | ४.९ | ९.८ | १५.३७ | १.९२ |
| १.५ | ० | ११.०३ | १७.२९ | ० |
| २.० | ४.९ खाली | ९.८ | १५.३७ | १.९२ |
| २.५ | ९.८ खाली | ६.१३ | ९.६० | ७.६८ |
| ३.० | १४.७ खाली | ० | ० | १७.२९ |

शेवटचे दोन रकाने प्रत्येक ओळीत बेरजून बघा. कुठे १७.२८, कुठे १७.२९; शतांशाचा तो फरक आकडे जवळच्या शतांशापर्यंत घेतल्याचा आहे.

हा तक्ता नुसता उतरवून घेऊ नका, थोडा वेळ बघत बसा. पहिल्या अर्ध्या सेकंदात चेंडू सहा मीटर चढला आणि अर्ध्याहून जास्त गतिज ऊर्जा देऊन बसला, तरी वेग मात्र दोन तृतीयांश शिल्लक आहे. दोन तृतीयांशाचा वर्ग चार नवमांश, १७.२९ चे चार नवमांश ७.६८. एका सेकंदाला वेग एक तृतीयांश उरला, गतिज ऊर्जा एक नवमांश. वेग हळूहळू घटतो, गतिज ऊर्जा आधी धडाधड कोसळते आणि मग रेंगाळते.

स्थितिज आणि गतिज समान कुठे होतात? बरेच जण सांगतात, निम्म्या वेळेला. नाही, निम्म्या उंचीवर, म्हणजे ५.५१ मीटरवर. तिथे दोन्ही ८.६४ ज्यूल. त्या जागी वेग निम्मा नसतो, सुरुवातीच्या सुमारे ७१ टक्के असतो: १०.४ मीटर प्रति सेकंद. आणि चढायच्या निम्म्या वेळेला, ०.७५ सेकंदाला, वेग निम्मा झालेला असतो, गतिज ऊर्जा पाव उरलेली असते आणि चेंडू तीन चतुर्थांश उंची गाठून बसलेला असतो.

यातून एक मजेदार गोष्ट निघते. हवेतल्या एकूण तीन सेकंदांपैकी दीड सेकंद चेंडू वरच्या एक चतुर्थांश उंचीतच काढतो. उंच झेल वर गेला की तो तिथे तरंगत राहिल्यासारखा वाटतो आणि क्षेत्ररक्षकाला पोटात गोळा आणायला भरपूर वेळ मिळतो, त्याचे कारण हेच.

तक्त्याचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांचे प्रतिबिंब आहेत. ९.८ मीटर उंचीवर चेंडू वर जाताना असो की खाली येताना, गतिज ऊर्जा १.९२ ज्यूलच. ऊर्जेला दिशा नाही. चेंडू खाली येताना वेग ऋण धरा की धन, वर्ग केल्यावर चिन्ह उडून जाते. दिशा हवी असेल तर वेग, वेळ आणि अंतर जोडणाऱ्या गतीच्या समीकरणांकडे जावे लागते. ऊर्जेची पद्धत सोपी आहे ती या बाबतीत मुकी आहे म्हणूनच.

शिखरावर नेमके काय असते

शिखरावर वेग शून्य, म्हणून गतिज ऊर्जा शून्य. इथपर्यंत सगळे बरोबर सांगतात. मग विचारावे, त्या क्षणी त्वरण किती? निम्मा वर्ग ‘शून्य’ म्हणतो.

त्वरण तेव्हाही ९.८ आहे आणि खालच्या दिशेने आहे. पृथ्वीने त्या एका क्षणासाठी ओढ थांबवलेली नाही. ते शून्य झाले असते तर वेग शून्यावरून बदललाच नसता आणि चेंडू तिथेच राहिला असता. वर जाताना, शिखरावर आणि खाली येताना चेंडूवर तेच एक १.५७ न्यूटनचे बल आहे.

याच्याच जोडीची दुसरी समजूत म्हणजे हाताचे बल चेंडूत भरलेले असते आणि ते वर जाताना संपत जाते. हाताचे बल चेंडू बोटांपासून सुटल्याक्षणी संपले. चेंडूने सोबत नेली ती ऊर्जा. आकृती काढताना वर जाणाऱ्या चेंडूवर वरच्या दिशेचा बाण काढलात आणि त्याला ‘बल’ असे नाव दिलेत तर गुण जातील, आणि रास्त जातील. तो बाण वेगाचा.

हात किती राबला

१७.२९ ज्यूल आले कुठून? हाताने कार्य केले तिथून. चेंडू मांडीजवळून वर आणत साधारण एक मीटर अंतरात तुम्ही त्याला वेग दिला असे धरू. तेवढ्यात चेंडू एक मीटर चढलाही, त्याचे १.५७ ज्यूल. म्हणजे हाताने एकूण १८.८६ ज्यूल कार्य केले. अंतर एक मीटर, म्हणून हाताचे सरासरी बल १८.८६ न्यूटन, चेंडूच्या वजनाच्या बारापट.

झेलताना उलटे. चेंडू १७.२९ ज्यूल घेऊन येतो आणि ते हाताला काढून घ्यावे लागतात. हात ताठ ठेवला आणि चेंडू ५ सेंटिमीटरमध्येच थांबला, तर सरासरी बल १७.२९ ÷ ०.०५ = ३४६ न्यूटन, त्यात चेंडूचे वजन मिळवा. साधारण ३५ किलो तळव्यावर ठेवल्यासारखे. चेंडूबरोबर हात ३० सेंटिमीटर मागे नेला तर बल सुमारे ५९ न्यूटन, म्हणजे सहा किलो. मैदानावर प्रशिक्षक ‘हात मागे घे’ म्हणून ओरडतात तेव्हा ऊर्जा कमी करायला सांगत नसतात. ऊर्जा तेवढीच, अंतर वाढवायचे.

ती ऊर्जा मग हातात, चेंडूत, हवेत उष्णता आणि आवाज होऊन विरते. फार तापत काही नाही. १७ ज्यूलने पाच ग्रॅम पाणी एक अंशसुद्धा तापणार नाही.

हवेचा वाटा

आतापर्यंत हवा नाही असे धरले. खरी हवा किती बिघडवते? १४.७ मीटर प्रति सेकंदाने सुटलेल्या सीझन बॉलवर सुरुवातीला हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाइतका असतो. वेग घटतो तसा तो झपाट्याने कमी होतो, कारण इथेही वेगाचा वर्गच. वर जाईपर्यंत एक ते दीड ज्यूल हवेला गेलेले असतात, आणि खाली येताना जवळजवळ तेवढेच पुन्हा. टेनिस बॉल आकाराने थोडाच लहान पण वजनाने तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्याच्यावर तोच विरोध वजनाच्या निम्म्याच्या जवळ जातो.

परिणाम असा की चेंडू हिशोबापेक्षा थोडा कमी उंच जातो, परत येताना वेग थोडा कमी असतो आणि चढायला लागलेल्या वेळेपेक्षा उतरायला किंचित जास्त वेळ लागतो. व्हिडिओत शिखराची फ्रेम सापडली तर हे दिसतेसुद्धा. टेनिस बॉलमध्ये जास्त स्पष्ट.

म्हणून ‘यांत्रिक ऊर्जा कायम राहते’ हे वाक्य अर्धे आहे. पूर्ण वाक्य: फक्त गुरुत्वाकर्षणच कार्य करत असेल तर यांत्रिक ऊर्जा कायम राहते. हवा मध्ये आली की ती घटते. एकूण ऊर्जा मात्र घटत नाही. कमी झालेले ज्यूल ढवळलेल्या आणि किंचित तापलेल्या हवेत असतात. परीक्षेत ‘हवेचा विरोध नगण्य माना’ हे शब्द त्यासाठीच असतात.

चंद्रावर हवेचा प्रश्नच नाही. तिथे गुरुत्व त्वरण १.६२. तीच फेक, तेच १७.२९ ज्यूल, आणि चेंडू जाईल ६६.७ मीटर वर. परत यायला लागतील अठरा सेकंद.

मैदान नसेल तर: टप्प्यांचा प्रयोग

पावसाळ्यात किंवा फ्लॅटमध्ये अडकला असाल तर टेनिस बॉल फरशीवर टप्पे खाऊ द्या. प्रत्येक दोन टप्प्यांच्या मधला प्रवास म्हणजे जमिनीवरून सरळ वर झालेली एक फेकच. टप्प्याचा आवाज येतो, त्यामुळे वेळ मोजणे सोपे. ‘फायफॉक्स’ नावाचे मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेले. त्यात टप्प्यांचे आवाज ऐकून वेळ नोंदवणारा आणि उंची काढणारा तयार प्रयोग आहे. खोलीत शांतता हवी, पंखा बंद हवा.

दोन टप्प्यांत १.०७ सेकंद गेले तर उंची = ९.८ × (१.०७)² ÷ ८ = १.४० मीटर. आठ कुठून आले? वेळ निम्मी केली, त्याचा वर्ग केला, त्यात चार आले. आणि सरासरी वेगातले दोन. एवढे समजले की हे सूत्र पाठ करावे लागत नाही.

टेनिसच्या नियमांनुसार सामन्याचा सर्वसाधारण चेंडू २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. उंचीच्या प्रमाणातच ऊर्जा, म्हणजे नवा चेंडूसुद्धा एका टप्प्यात चाळीस टक्क्यांहून जास्त यांत्रिक ऊर्जा गमावतो. गल्लीतला जुना, दबलेला चेंडू किती गमावतो ते तुम्ही मोजा. हवेने दोन सेकंदांत जेवढे हिरावले नाही तेवढे जमीन एका ठोक्यात घेते.

पुस्तकातले गणित

“अर्धा किलोग्रॅम वस्तुमानाची वस्तू २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकली. १५ मीटर उंचीवर तिची गतिज ऊर्जा आणि वेग काढा. गुरुत्व त्वरण १० माना.”

आधी एकूण: ½ × ०.५ × ४०० = १०० ज्यूल. चौकट. मग स्थितिज: ०.५ × १० × १५ = ७५. उरले २५, तीच गतिज ऊर्जा. आता २५ = ½ × ०.५ × (वेग)², म्हणजे वेगाचा वर्ग १००, वेग १०. गतीचे एकही समीकरण लागले नाही.

कधी वस्तुमान दिलेलेच नसते आणि मुले गोंधळतात. “वर फेकलेला दगड ४५ मीटर उंच गेला. कोणत्या उंचीवर त्याची गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेच्या दुप्पट असेल?” वस्तुमान दोन्ही सूत्रांत एकेकदा येते, म्हणून दोन्हीकडून कटते. एकूण ऊर्जेचे तीन वाटे करा: दोन गतिज, एक स्थितिज. स्थितिज एक तृतीयांश, म्हणून उंचीही शिखराच्या एक तृतीयांश: १५ मीटर. फेकीचा वेग विचारला असेल तर शिखराची स्थितिज आणि हाताजवळची गतिज समान मांडा: (वेग)² = २ × १० × ४५ = ९००, वेग ३०.

मात्र प्रश्नात वेळ विचारली असेल तर ऊर्जा मदत करणार नाही. तिच्या सूत्रात वेळ नाही. तेव्हा गतीची समीकरणे.

चेंडू तिरका गेला तर

आपली फेक क्वचितच अगदी सरळ जाते, त्यामुळे हे माहीत असलेले बरे. तिरक्या फेकीत शिखरावर चेंडू वर-खाली जात नसतो, पण पुढे जात असतो. म्हणून तिथे गतिज ऊर्जा शून्य नसते. ‘शिखरावर गतिज ऊर्जा शून्य’ हे फक्त सरळ वरच्या फेकीसाठी खरे.

तोच चेंडू त्याच १४.७ च्या वेगाने, पण जमिनीशी ६० अंशांचा कोन करून फेकला. पुढच्या दिशेचा वेग १४.७ च्या निम्मा, ७.३५. तो शेवटपर्यंत तसाच राहतो, कारण गुरुत्वाकर्षण आडवे ओढत नाही. शिखरावर गतिज ऊर्जा ½ × ०.१६ × (७.३५)² = ४.३२ ज्यूल. चौकटीतल्या १७.२९ मधून वजा करा: स्थितिज १२.९७. ती १.५७ ने भागली की उंची ८.३ मीटरच्या आसपास, सरळ फेकीच्या तीन चतुर्थांश. ४५ अंशांवर वाटणी निम्मी-निम्मी होते: शिखर साडेपाच मीटरवर, आणि तिथेही चेंडूकडे ८.६४ ज्यूल गतिज ऊर्जा शिल्लक.